राखणदाराचा अंगठा

मायाप्पा लवटेनं चार बोटं धरली होती. ही गोष्ट तो बिरोबाच्या पायावर हात ठेवून सांगायला तयार होता. पण समोरच्याला तीनच कळली, आणि रुमालाखाली जे कळतं तेच खरं धरलं जातं.

सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात आता लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. प्रत्येक बैलाच्या कानात चिप असते. फोन धरला की त्याची आई, आजी, त्याला कधी ताप आला, कधी कुणी मारलं, सगळं पडद्यावर येतं. येत नाही तो फक्त भाव. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि तोंडानं ऊनपावसाचं बोलत बोलत एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. शेजारी उभ्या मालकालाही पत्ता लागत नाही. पटलं की टॉवेल ओढायचा आणि टाळी द्यायची. टाळी वाजली की सौदा झाला, मग तो कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. सरकारनं मध्ये फोनवरून लिलाव आणून बघितला. लोकांनी लिलाव फोनवर केला आणि भाव टॉवेलाखालीच ठरवला.

त्या रविवारी बाबर मास्तरांची खिलार खोंडांची जोडी मायाप्पाकडं होती. समोर विजापूरकडचा व्यापारी. मायाप्पा म्हणाला, यंदा ऊन लई. व्यापारी म्हणाला, व्हय की. आणि मायाप्पानं त्याची चार बोटं गच्च धरली. धरली, आणि हातातला जीवच गेला. थरथर नव्हे. थरथर त्याला माहीत होती, म्हाताऱ्यांची बघितलेली. हे वेगळं होतं. मनगट मेल्यासारखं खाली पडलं आणि लगेच परत उठलं, पापणी लवते तेवढ्यात. पण तेवढ्यात चौथं बोट सुटलं होतं, व्यापाऱ्यानं टॉवेल ओढला होता आणि खणखणीत टाळी दिली होती.

मास्तरांना चाराचेच पैसे मिळाले. फरक मायाप्पानं पदरचा भरला. ते त्याला लागलं नाही. लागलं ते धाकट्या भावाचं वागणं. बिरा मिसरूड फुटल्यापासून त्याच्याबरोबर बाजार करत होता. त्यानं मायाप्पाच्या खांद्यावरचा टॉवेल उचलून आपल्या खांद्यावर टाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "दादा, तू जरा सावलीला बस. आता हात माझा."

मायाप्पानं जन्मभर जनावरं विकली होती. गोड आवाज कशासाठी काढतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

*

दोन वर्षांपूर्वी याच बाजारात एका व्यापाऱ्याशी भांडता भांडता मायाप्पाला रक्ताची उलटी झाली होती. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला तर टॉवेल भिजून गळायला लागला. लोक मागं सरले. कुणीतरी म्हणालं, पीत असणार. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. ज्यांनी त्याला आयुष्यात चहापलीकडं काही पिताना पाहिलं नव्हतं, त्यांनीही 'चोरून पीत असेल' असं ठरवून टाकलं. माणूस रक्त ओकतोय आणि हे त्याच्या तोंडाचा वास घ्यायला वाकतायत, असली ही बघ्यांची जात.

खरं कारण त्याच्या उजव्या हातावर होतं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत त्यानं बायकोचं नाव गोंदवून घेतलं होतं: शालन. गोंदणाऱ्यानं त्या दिवशी एकाच सुईनं अख्खी जत्रा गोंदली. सुईतून कावीळ आत आली. डोळे पिवळे करणारी नव्हे, मुकी. वर्षानुवर्षं गप्प राहून यकृत कोरणारी. सापडली तेव्हा गोळ्यांनी गेली, पण तोवर यकृत वाळल्या कातड्यासारखं झालं होतं.

मिरजेच्या ज्या दवाखान्यात त्याला नेलं, तिथल्या सर्जन डॉ. मृण्मयी हेर्लेकर यांनी कागदावर रस्ता काढून दाखवला. आतड्यातलं सगळं रक्त हृदयाकडं जाण्याआधी यकृतातून जातं. यकृत म्हणजे नाका. अन्नातून जे विष तयार होतं, मुख्य म्हणजे अमोनिया, ते या नाक्यावर उतरवून घेतलं जातं. यकृत कडक झालं की नाका तुंबतो, मागं दाब वाढतो, आणि रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या तळाशी बारीक शिरा असतात, त्या या आडवाटा. पायवाटेवरून ट्रक जायला लागल्यावर जे होईल तेच तिथं होतं. शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात.

त्यावर सर्जन बायपास काढतात. नाक्याच्या अलीकडची शीर थेट पलीकडच्या मोठ्या शिरेला जोडून देतात. त्याला शंट म्हणतात. दाब उतरतो, शिरा फुटत नाहीत. ही शस्त्रक्रिया जुनी आहे आणि तिची खोडही जुनी आहे. बायपासवर नाका नसतो, त्यामुळं अमोनिया न तपासता सरळ मेंदूत जातो. माणूस दिवसा झोपतो, शब्द विसरतो, चिडतो, संशय घेतो. हात पुढं करून पंजे वर उचलायला सांगितले तर ते पडतात. म्हणजे पूर्वी निवड एवढीच होती: रक्त ओकून मरायचं, की खुळं होऊन जगायचं.

नव्या शंटमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी झडप होती. ती दाब मोजायची, अमोनिया मोजायची आणि आपलं दार कमीजास्त करायची. दार मोठं केलं की रक्तस्रावाची भीती कमी, डोकं जड. बारीक केलं की डोकं लख्ख, भीती जास्त. झडप स्वतः शिकत जायची, हा माणूस कधी जेवतो, कधी चिडतो, कधी निजतो. पण यंत्रावर सगळं सोडता येत नाही म्हणून घरातल्या एकाला राखणदार नेमायचा असा नियम होता. राखणदाराच्या अंगठ्यानं उघडणारा एक फोन मिळायचा. उलटीत रक्त दिसलं तर त्यानं दार पूर्ण उघडायचं आणि दवाखाना गाठायचा. रोग्याला स्वतःला मात्र हा फोन मिळत नसे.

"म्हंजी माझ्या डोक्याची तोटी माझ्या हातात न्हाई?" मायाप्पानं विचारलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मायाप्पाकाका, अमोनिया चढला की पहिल्यांदा जातं ते तारतम्य. आणि ते गेलंय हे ज्याचं गेलं त्यालाच कळत नाही. त्याच्याच हातात तोटी कशी द्यायची?"

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तरं ऐकली की मायाप्पाला जनावराच्या दातांवरून हात फिरवणारा व्यापारी आठवायचा. पण तेव्हा त्याच्यात भांडायची ताकद नव्हती. राखणदार शालन झाली. तिला फोनातलं काही समजेना, म्हणून बिरानं तिच्या शेजारी बसून सगळं शिकवलं. कुठं दाबायचं, दार कसं मोठं करायचं, कसं बारीक करायचं. घरात त्या फोनाचं नावच तोटी पडलं.

*

मास्तरांच्या खोंडांनंतर मायाप्पा स्वतःच्या हातावर पाळत ठेवायला लागला. सकाळी गोठ्यात गेला की हात पुढं करायचा, पंजे वर उचलायचे आणि बघत राहायचं. सोमवारी पंजे खुंटीसारखे. मंगळवारी तसेच. शुक्रवारी डोकं असं चालायचं की वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाईची शिंगं आठवायची. रविवार उजाडला की पंजा पडायचा. जीभ जाड व्हायची, ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन परत जायचं, आणि त्याच्या जागी बिरा टॉवेल टाकून उभा राहायचा.

आजाराला वार कळतो का? ताप कधी बाजाराचा दिवस बघून येतो का?

तो मिरजेला गेला तो गुरुवारी. डॉक्टरबाईंनी हात बघितले, आकडे जोडायला लावले, चांदणी काढायला लावली. सगळं चोख. मग त्यानं मनातलं सांगितलं, की रविवारी माझी तोटी कुणीतरी फिरवतंय. बाई फार मायेनं बोलल्या, की संशय हेही एक लक्षण असतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यानं म्हटलं, मग मला बघू द्या, दार कधी उघडलं ते. त्यावर त्या म्हणाल्या की ती नोंद राखणदाराला दिसते आणि झडपेच्या कंपनीला. डॉक्टरांना महिन्याची सरासरी येते, आणि सरासरी उत्तम आहे.

सरासरी. आठवड्यातला एक दिवस माणसाला खुळं करा आणि सहा दिवस शहाणं ठेवा, सरासरी उत्तमच येणार. रविवार त्या सरासरीत बुडून गेला होता आणि कुणाला वाससुद्धा आला नव्हता. यातली खरी मेख अशी, की ज्याला संशय येतो त्याचा संशय हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा धरला जातो. चोर घरात शिरला म्हणून ओरडणाऱ्यालाच झोपेची गोळी द्यायची, झालं. असल्या कायद्याला माणुसकी म्हणतात आणि ती राबवणाऱ्यांना सन्मानानं शाली देतात.

मायाप्पा परत आला तो ठरवूनच. पुढच्या रविवारी पंजा पडला तशी त्यानं बाजाराच्या भर चौकात बिराच्या खांद्यावरचा टॉवेल हिसकला. बिरा हसत कुणाशी तरी बोलत होता.

"तोटीत तू तुझा बी अंगठा घातलास," मायाप्पा म्हणाला. जीभ जड होती, पण आवाज मोठा होता. "मला खुळा करून माझा बाजार खातोस. चोरा."

लोक जमले. बिरा पांढराफटक पडला. त्यानं शपथ घेतली नाही. फक्त एवढं म्हणाला, की दादा, तुझ्या तोंडातून अमोनिया बोलतोय म्हणून सोडतो, दुसरं कोण असतं तर हितंच दात पाडलं असतं. आणि गेला. संध्याकाळी त्याची बायको येऊन त्याच्या वाटणीच्या दोन गाई सोडून घेऊन गेली. शालन दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

*

बिरा गेला. पुढचा रविवार आला. पंजा पडला.

मायाप्पाला वाटलं, फोनाचं काय, दुसऱ्या गावातून पण फिरवतील. तरी त्या आठवड्यात एक वेगळाच विचार त्याच्या मनात येऊन बसला आणि हलेना. तो त्यानं बाहेर ढकलला, तो परत आला. घरात तोटीला हात लावणारं माणूस एकच होतं.

खरं तर शालनचं नाव यातून काढून टाकावं एवढ्यासाठीच त्यानं तो डाव टाकला. मंगळवारी दुपारी जेवताना त्यानं तिला सांगितलं की उद्या आटपाडीला एका गोठ्यावर सौदा आहे, तालेवार माणूस आहे, घासाघीस होणार. आटपाडीत सौदा नव्हता, गोठा नव्हता, माणूसही नव्हता. हे तो दुसऱ्या कुणाशीही बोलला नाही. बुधवारी पंजा पडत नाही, कधीच पडत नाही. उद्याही पडला नाही की शालन मोकळी. मग खुशाल बिराला आणखी शिव्या घालायच्या.

बुधवारी उजाडताच तो गोठ्यात गेला. हात पुढं केले. पंजे वर उचलले. उजवा पडला. उठला. परत पडला. 'शालन' हे गोंदलेलं नाव त्या पडण्याबरोबर आत दुमडायचं आणि परत सरळ व्हायचं.

तो चुलीपाशी येऊन बसला. शालन भाकरी थापत होती.

"आटपाडीत सौदा न्हाई," तो म्हणाला.

तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यात गेली, पाण्याचा हात फिरला. मग ती म्हणाली, "मला वाटलंच. तुमी डब्यात चटणी मागितली न्हाई."

"कधीपास्नं?"

"पावसाळ्यापास्नं. आदल्या दिवशी सांजच्याला उघडायची, बाजारातनं आलासा की मिटायची. चार-सा तासांत डोसकं जड हुतंय, तेवढ्यात उतरतंय. बिरानंच तवा सांगितलेलं."

"आन् कशापायी?"

"सौदा असला की तुमी भांडता. भांडला की आत रक्त चढतंय. तवा बी भांडतच हुता." तिनं भाकरी उलटली. "त्यो टावेल म्या धुतलाय. धू धू धुतला, पाणी लालच. तुमास्नी ठावं न्हाई, तुमी दवाखान्यात हुता. मला खुळा नवरा घरात चालतोय. फोटूतला शाना नगं."

मायाप्पानं उजवा हात तिच्यासमोर धरला. "या नावानंच मला खाल्लं. आता तू उरल्यालं खातीस." हे बोलताना त्याला माहीत होतं की असं बोलू नये. पण दार उघडं होतं, आणि आत जे चढलं होतं ते बोलत होतं. निदान त्यानं स्वतःला तरी तसं सांगितलं.

शालननं तव्यातली भाकरी काढली. मग त्यानं विचारलं, बिराला मी भर बाजारात चोर म्हणालो, तेव्हा तू का गप्प बसलीस?

"बसले," ती म्हणाली. "बोलले आसते तर तोटी गेली आसती."

रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते मायाप्पाला ठाऊक होतं. ही बाई शांतपणे बसून सांगत होती की तुझा भाऊ गेला तरी चालेल, तुझी अक्कल गेली तरी चालेल, तू राहा. याला प्रेम म्हणावं की दरोडा, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही.

शालननं दार मिटलं, आणि दुपारपर्यंत डोकं उतरल्यावर त्यानं दाराआड अडकवलेला टॉवेल घेतला आणि तिच्यासमोर मांडी घातली. हात पुढं कर म्हणाला. तिनं केला. त्यानं वर टॉवेल टाकला. जनावरांच्या बाजारात बायका रुमालाखाली हात घालत नाहीत. शालननं तो खेळ जन्मभर लांबून पाहिला होता.

"काय इकताय?" तिनं विचारलं.

"दिवस. आठवड्याचे. लख्ख डोसक्याचे किती देतीस बोल."

त्यानं तिचा अख्खा पंजा धरला. पाच. तिनं पंजा सोडवून घेतला आणि मूठ मिटली. एकही नाही. त्यानं तीन बोटं ओढली. मूठ तशीच. बाहेर कोंबडी ओरडत होती, ती उन्हाबद्दल बोलली, तो वैरणीबद्दल बोलला, दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. त्यानं दोन धरली. मुठीतून फार सावकाश एक बोट बाहेर आलं. ते गार होतं आणि त्यावर पीठ वाळलेलं होतं.

"रविवार," मायाप्पा म्हणाला. "रविवार माझा. त्या दिवशी तोटीला हात लावायचा न्हाई. बाकीचं दिस तुझं, काय करायचं ती कर."

तिनं टॉवेल ओढला. टाळीसाठी उचललेला हात बराच वेळ वरच राहिला. मग टाळी दिली.

*

टाळी दिल्यावर संशय घ्यायचा नसतो. बाजाराचा हा पहिला धडा, आणि तो मायाप्पानं शेकडो लोकांना दिला होता. शनिवारी दुपारी शालन पाण्याला गेली तसा त्यानं तिचा तो फोन उचलला, लोखंडी पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

रविवारी सकाळी ती घरभर हिंडत होती. फळीवर बघितलं, ज्वारीच्या कणगीमागं बघितलं. तोटी दिसंना, कुठं पडली का, बिरोबा, रक्त आलं तर काय करू. मायाप्पा ओट्यावर बसून बघत होता. सोंग बरं जमतंय, असं त्याला वाटलं. नाहीतर एवढ्या सकाळी तोटीची काय नड?

मग त्यानं हात पुढं केले. पंजा पडला.

त्याला आधी राग आला, कारण राग येण्याची सवय होती. टाळी देऊन मोडली हिनं. आणि मग किल्ली कमरेला टोचली. तोटी पेटीत होती. किल्ली त्याच्याकडं होती. फोन हातात घेऊन अंगठा लावल्याशिवाय दार फिरत नव्हतं. शालननं ते फिरवलेलं नव्हतं.

त्यानं पेटी ओढली, कुलूप काढलं. शालन मागं येऊन उभी राहिली. तिनं फोनाकडं बघितलं नाही. ती त्याच्या करदोट्याकडं बघत होती.

"टाळी दिल्यावर बी?" एवढंच म्हणाली.

तिनं खाली वाकून फोन घेतला आणि अंगठा लावला. आतून एक बाई फार सुरेख मराठीत बोलली: "सुप्रभात. आपल्या रविवारच्या सवयीनुसार काल सायंकाळी दार मोठे केले आहे. आपला रुग्ण सुरक्षित आहे."

दोघं त्या आवाजाकडं बघत राहिली. यंत्र शिकलं होतं. पावसाळ्यापासून दर शनिवारी एक बाई भिऊन अंगठा दाबत होती. यंत्राला भीती कळत नाही, वार कळतो. त्यानं वार उचलला होता. आता शालन असो वा नसो, तिची भीती मायाप्पाच्या पोटात बसून दर शनिवारी आपलं आपण दार उघडणार होती.

मिरजेला फोन लावला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि या वेळी संशयाला लक्षण म्हणाल्या नाहीत. कंपनीशी बोलून त्यांनी दुपारी उलट फोन केला. शिकलेलं एकदम पुसायचं तर झडप बदलावी लागेल, म्हणजे पुन्हा पोट उघडायचं. दुसरा मार्ग, यंत्राला उलटं शिकवायचं. दर शनिवारी ते दार उघडणार. राखणदारानं ते लगेच हातानं मिटायचं. रविवारी सौदा संपेपर्यंत ते पुन्हा पुन्हा उघडायला बघेल, राखणदारानं जवळ बसून पुन्हा पुन्हा मिटायचं. महिना, दोन महिने, यंत्र नवी सवय धरेपर्यंत. फोन झडपेच्या हाकेवर असला पाहिजे आणि अंगठा राखणदाराचाच पाहिजे.

मायाप्पा खाली बसला. त्याचं रक्त ज्या बाईनं धुतलं, तिनंच आता आपल्या अंगठ्यानं दर आठवड्याला ते दार लावायचं होतं. लावताना दाब चढणार हे तिला माहीत होतं. एखाद्या रविवारी शीर फुटली, तर ती तिच्या अंगठ्याखाली फुटणार होती. कंपनीच्या कागदात हे असं लिहिलेलं नसतं. तिथं 'सक्रिय सहभाग' असा शब्द असतो.

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे उघडं. म्या बसतो घरात."

शालननं पदराला अंगठा पुसला.

"टाळी दिलीया," ती म्हणाली.

*

पुढच्या रविवारी सांगोल्याच्या बाजारात लोकांनी एक नवीन गोष्ट बघितली. मायाप्पा लवटेच्या मागं, बैलगाडीच्या जुन्या जुवावर, त्याची बायको फोन घेऊन बसली होती. टवाळी झाली. कुणी म्हणालं, मायाप्पा, सौदा बायकोला इचारून करतोस व्हय. मायाप्पा म्हणाला, तुझ्यासारखं चोरून इचारत न्हाई. लोक हसले, पण तिच्याकडं बघायचं कुणी सोडलं नाही.

सकाळपासून तोटी तीनदा बोलली होती. तीनदा तिनं अंगठा दाबला होता आणि तीनदा तिचे डोळे मायाप्पाच्या ओठांवर गेले होते, लाल काही दिसतंय का म्हणून. आणि मायाप्पाचे डोळे तिच्या अंगठ्यावर. दाबला तो मिटायला की उघडायला? एवढ्या लांबून कळत नाही. भीती एका टाळीनं जात नाही हे यंत्रानं दाखवून दिलं होतं, आणि माणूस काय यंत्रापेक्षा लवकर शिकतो? दोघं एकमेकांवर पहारा ठेवून बसली होती आणि मध्ये एक कालवड उभी होती, विकायची.

घेणाऱ्याचा दलाल आला. बिरा होता.

आता तो स्वतःचा बाजार करत होता. मायाप्पा त्याच्या घरी जाऊन आला होता, चूक झाली म्हणाला होता. बिराच्या बायकोनं चहा दिला होता, आणि बिरा गोठ्यातून बाहेर आला नव्हता. आता तो समोर उभा होता, खांद्यावर नवा टॉवेल, नजर कालवडीवर. त्यानं हात पुढं केला.

मायाप्पानं हात दिला. बिरानं वर टॉवेल टाकला. आणि मागं तोटी बोलली, चौथ्यांदा, त्या सुरेख मराठीत.

मायाप्पाची मान वळायला निघाली. मागं शालनचा अंगठा होता. आता ती मिटते की भिऊन उघडते, एकदा बघितलं की झालं. मान अर्धी वळली. समोर बिरा वाट बघत होता, आणि बाजारात टॉवेल टाकल्यावर मागं बघणाऱ्याला दलाल म्हणत नाहीत.

त्यानं मान परत फिरवली. पाठ शालनकडं, सरळ. तिच्या अंगठ्याचं तिच्यापाशी.

"यंदा थंडी पडंल म्हणत्यात," तो बिराला म्हणाला.

रुमालाखाली फक्त भाव सांगता येतो. माफी मागायला तिथं बोट नाही. मायाप्पानं बिराची चार बोटं धरली आणि भाव सांगायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ धरून ठेवली. एकही सुटलं नाही.

"कळ्ळं," बिरा खाली बघत, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. "चार. सोड आता, दादा."